कपॅसिटर चांगला, तरी व्होल्टेज डळमळते

जुन्या कंट्रोल कार्डावरचा फुगलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून तिथे अगदी कमी अंतर्गत रोधाचा नवा सिरॅमिक बसवला, तर कार्ड सुधारेल असेच कुणालाही वाटेल. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत तर असे वाटणे साहजिक आहे. इथल्या एपकॉसच्या, म्हणजे आता टीडीके समूहात असलेल्या कारखान्यातून पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बाहेर पडतात आणि त्या धंद्यात अंतर्गत रोध म्हणजे उष्णतेत गेलेली वीज, निव्वळ तोटा. कार्डावर जुना एलडीओ (लो-ड्रॉपआउट) व्होल्टेज रेग्युलेटर असेल तर मात्र हाच हिशेब उलटतो. एलएम२९४० घ्या. साध्या 7805 रेग्युलेटरला इनपुट आउटपुटपेक्षा सुमारे 2 व्होल्ट जास्त लागते, एलएम२९४०चे 1 अँपिअरला अर्ध्या व्होल्टवर भागते. बदल्यात तो आउटपुटला किमान 22 मायक्रोफॅरड मागतो, आणि त्या कपॅसिटरचा रोध फार जास्तही नको, फार कमीही नको, असे त्याची डेटाशीट आलेख काढून बजावते.

कारण फीडबॅकमध्ये आहे. आउटपुट घसरले की आतला अ‍ॅम्प्लिफायर ते सावरतो, पण त्याला वेळ लागतो. आउटपुटचा कपॅसिटर आणखी उशीर घालतो. दोन्ही उशीर साचले की सुधारणा नेमकी उलट्या वेळी पोहोचते आणि व्होल्टेज हेलकावे खाऊ लागते. कपॅसिटरचा रोध यातला थोडा उशीर परत करतो. 22 मायक्रोफॅरड आणि 0.3 ओहम असेल तर ही मदत सुमारे 24 किलोहर्ट्झपासून मिळते. सिरॅमिकचा रोध 3 मिलिओहम धरला तर ती 2.4 मेगाहर्ट्झवर जाते, म्हणजे वेळ निघून गेल्यावर.

मग सिरॅमिकला छोटा रोध जोडला तर? चालते, हा जुनाच उपाय आहे. पण लोड एकदम 100 मिलिअँपिअरने वाढला की 0.3 ओहमवर 30 मिलिव्होल्ट पडतात. 5 व्होल्टला ते खपून जाते, 1 व्होल्टच्या प्रोसेसरला 3 टक्के जड जातात. म्हणून खरा तोडगा चिपच्या आत निघाला: तिथेच भरपाई करायची, बाहेरच्या रोधावर विसंबायचे नाही. हाँगकाँगचे संशोधक लेउंग आणि मॉक यांनी 2003 मध्ये बाहेरच्या कपॅसिटरविना स्थिर राहणारा एलडीओ मांडला.

अशा रेग्युलेटरला पुरणारा छोटा कपॅसिटर ही कंपन्यांची काटकसर आहे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. जागा वाचते, उष्णतेने सुकणारा इलेक्ट्रोलिटिकही टळतो. पण स्थिर असणे वेगळे आणि धक्का सोसणे वेगळे. रेग्युलेटर जागा होईपर्यंतचा काळ, समजा 1 मायक्रोसेकंद, कपॅसिटरलाच निभवावा लागतो: 100 मिलिअँपिअरला 1 मायक्रोफॅरड असेल तर व्होल्टेज 100 मिलिव्होल्टने खाली येते. रेग्युलेटर चपळ करायचा तर तो स्वतः जास्त करंट खातो, आणि बॅटरीवरच्या यंत्रात तेच परवडत नाही. शिवाय छोट्या आकाराच्या सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज चढले की त्याची क्षमता घटते, कधी निम्म्याहूनही कमी उरते. रेग्युलेटरच्या डेटाशीटने मागितलेला 1 मायक्रोफॅरड म्हणजे ही घट जाऊन उरलेला धरावा.