डब्यातली वीज कोणाच्या कामाची?

वळिवाच्या पहिल्याच तडाख्यात कुठे झाड पडलं, कुठली डीपी उडाली, किती गावं अंधारात गेली, हे दरवर्षी सगळे वाचतात. त्या बातम्यांच्या पाठोपाठ मोबाइलवर एक जाहिरात हमखास येते. हँडल असलेला करडा डबा, पुढे चार-पाच सॉकेट, छोटासा पडदा, शेजारी घडीचं सोलर पॅनल, मागे तलाव आणि तंबू. पोर्टेबल पॉवर स्टेशन. लाइट गेली तरी तुमचं घर चालू, असा एकूण सूर. डबा खोटा नाही, बनावटही झकास आहे. पण जाहिरातीत तो ज्यांच्या हातात दिसतो त्यांना त्याचा फारसा उपयोग नाही, आणि ज्यांना खरोखर आहे ते जाहिरातीत कुठेच नाहीत.

डब्यावर दोन आकडे असतात आणि विकणारा त्यातला सोयीचा तेवढा मोठ्याने सांगतो. वॉट म्हणजे एका वेळी किती भार ओढता येईल ते. वॉट-अवर म्हणजे पोटात साठा किती. १००० वॉट-अवर म्हणजे बिलातलं बरोब्बर एक युनिट. अर्ध्या लाखापासून लाखापर्यंत मोजून आपण जो डबा घरी आणतो, त्यात महावितरणकडून दहा-पंधरा रुपयांना मिळणारं एक युनिट मावतं. तेही पूर्ण हाती लागत नाही. बॅटरीतल्या डीसीचा २३० व्होल्टचा एसी करताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे हिशेब ८५० वॉट-अवरचाच धरायचा.

एवढ्यात काय चालतं? नव्या बीएलडीसी पंख्याला पूर्ण वेगात ३० वॉट लागतात, जुन्याला ७५. नऊ वॉटचे दोन एलईडी आणि वायफायचा राउटर धरून नव्या पंख्यासह ६० वॉटच्या आत काम भागतं आणि रात्र निघते, चौदा तास. त्यात फ्रिज घातला की नऊ तासांच्या आत डबा मान टाकतो. गिझर, इस्त्री, इंडक्शन ही नावं काढू नयेत. अर्ध्या एचपीचा पंप चालू स्थितीत पाच-सहाशे वॉटच घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन ते पाच पट ओढतो आणि तिथेच डबा 'ओव्हरलोड' दाखवून गप्प होतो.

हे आकडे जाहिरातीवरून किंवा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. तुमच्या दारातल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरात '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर १६०० असतं, काहींवर ६४००. ३२०० म्हणजे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. रविवारी दुपारी घरातलं सगळं बंद करा, फक्त फ्रिज ठेवा, त्याचा कॉम्प्रेसर घुमायला लागला की घड्याळ लावून एक मिनिट दिवा मोजा. मिनिटाला आठ वेळा लुकलुकला तर फ्रिज त्या घडीला १५० वॉट खातो आहे. मग तो बंद करून पंखा लावा, मग टीव्ही. मुलांना हा खेळ फार आवडतो. विशेष म्हणजे 'सगळं बंद' असतानाही दिवा लुकलुकत असेल, तर सेट-टॉप बॉक्स आणि भिंतीत विसरलेले चार्जर हातोहात सापडतात. मीटर नवा असो की जुना, हा दिवा वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

मोजून झालं की बहुतेक शहरी घरांचं उत्तर कंटाळवाणं निघतं: साधा इन्व्हर्टर. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत जो घराघरांत शिरला, तोच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते हे धरूनही ती हजार वॉट-अवरच्या डब्याहून जास्त देते, आणि इन्व्हर्टरसकट पंचवीस हजारांच्या आसपास येते. वजन पन्नास-साठ किलो, डिस्टिल्ड वॉटर घालायचं लचांड, चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी. पण जुनी बॅटरी दुकानदार पैसे देऊन परत घेतो. लिथियमच्या डब्याला कोपऱ्यावरचा दुकानदार असा भाव अजून देत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे खरी, पण 'परत कुठे द्यायचा' हा प्रश्न विकत घेतानाच विचारून पाहा आणि विक्रेत्याचा चेहरा बघा.

आता ज्या गुणाचा सगळ्यात गाजावाजा होतो तो घेऊ. 'तीन हजार सायकल.' म्हणजे डबा तीन हजार वेळा भरून रिकामा केला तरी त्याची ८० टक्के क्षमता शिल्लक. खरी गोष्ट आहे. पण तुमच्याकडे लाइट वर्षातून वीस वेळा तासन्‌तास जात असेल, तर हे तीन हजार संपायला दीडशे वर्षं लागतील. बॅटरी वापराने जुनी होते तशी नुसती पडून राहूनही होते. माळ्यावर ठेवलेल्या डब्यात तुम्ही नातवंडांच्या नातवंडांच्या सायकली विकत घेतलेल्या असतात.

रोज रिकामा करणाऱ्याचं गणित मात्र एकदम बदलतं. समजा सत्तर हजारांचा डबा, प्रत्येक खेपेला ८५० वॉट-अवर, तीन हजार खेपा. युनिटमागे डब्याचा खर्च साधारण २७ रुपये. त्यात भरायच्या विजेचे दहा-पंधरा मिळवा, चाळिशीच्या आसपास. छोटा पेट्रोल जनरेटर एका लिटरात फार तर दीड-दोन युनिट देतो आणि पेट्रोल शंभरीपार आहे. म्हणजे युनिटला पन्नास ते सत्तर रुपये, शिवाय ऑइल, प्लग, धूर आणि ती फटफट. आठवडी बाजारात अंधार पडल्यावर चार दिवे नि वजनकाटा चालवणारा भाजीवाला, रात्रीची भुर्जीची गाडी, लग्नाच्या मांडवात कॅमेऱ्याच्या आणि ड्रोनच्या बॅटऱ्या दिवसभर चार्ज करणारा फोटोग्राफर, वारीत दिंडीच्या ट्रकबरोबर राहणारा नि तळावर शंभर मोबाइल एकदम हाती येणारा गडी, भजनी मंडळाचा छोटा साउंड. हे लोक डबा रोज रिकामा करतील, रात्री घरी नेऊन भरतील, आणि आठ वर्षांत त्यातला पै-पैसा वसूल करतील. माझ्या मते हे यंत्र मुळात त्यांचं आहे. त्यांच्या हाती एकरकमी सत्तर हजार नसतात, म्हणून ते यंत्र पावना तलावाकाठच्या तंबूत कराओके लावायला जातं. जनरेटरवर कर्ज देणाऱ्या पतसंस्थांनी या डब्यावरही द्यायला काय हरकत आहे, हे मला कळलेलं नाही.

घरात ठेवूनही ज्यांच्या सार्थकी लागतो अशी एक मंडळी आहे: झोपेत श्वास अडकतो म्हणून सी-पॅप लावून झोपणारी. हवा दमट करणारा हीटर बंद ठेवला तर हे यंत्र तीस-चाळीस वॉटवर चालतं, हजाराच्या डब्यात दोन रात्री सहज निघतात. तंबूत, गावच्या घरी, कुठेही. पाच लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं तसं नाही. तो साडेतीनशे वॉटच्या आसपास ओढतो आणि अडीच तासांत डबा संपतो. तिथे भरवसा सिलिंडरवरच.

संकटकाळाचा दावा जरा पारखून घ्यायला हवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले, कारण नुसती तार तुटलेली नव्हती, खांबच्या खांब आडवे झाले होते. अशा वेळी एक युनिटचा डबा पहिल्या रात्री देवासारखा आणि तिसऱ्या दिवशी पाट म्हणून बसायला. फोन चार्ज झाला तरी बोलायचं कोणाशी? टॉवरच्या बॅटऱ्या नि डिझेलही संपलेलं असतं. आणि सोलर पॅनल? १०० वॉटचं घडीचं पॅनल एप्रिलच्या उन्हात ६०-७० वॉट देतं. पावसाळी ढगांखाली त्याचेही दहा-वीस वॉट होतात. आपल्याकडे लाइट नेमकी जाते पावसाळ्यात आणि ऊन नसतं तेही पावसाळ्यातच. कॅलिफोर्नियात वणव्यांच्या दिवसांत वीज जाते तेव्हासाठी लिहिलेली जाहिरात कोकणात जशीच्या तशी लावली की असं होतं.

छतावर सोलर बसवलेल्यांना एक वेगळाच धक्का बसतो. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान घेऊन अनेकांनी तीन किलोवॉटची पॅनल चढवली. लाइट जाते तेव्हा भर उन्हातही ती बंद पडतात. बिघाड नव्हे, तशीच रचना आहे. तुमच्या छतावरची वीज मेलेल्या तारेत गेली तर खांबावर चढलेला लाइनमन मरेल, म्हणून ग्रिड गेलं की ही यंत्रणा स्वतःला तोडून घेते. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर हा त्यावरचा खरा उपाय. शेतघरावर कायम राहणाऱ्यांनाही हेच सांगेन: पक्की पॅनल, भिंतीवरचा इन्व्हर्टर, जमिनीवरची बॅटरी. हँडलला जास्तीचे पैसे कशाला?

आता प्रवास. विमानाचा विषय एका वाक्यात संपतो: १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातसामानात चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. म्हणजे बहुतेक पॉवर स्टेशन घरीच. ट्रेकला दहा-चौदा किलोचा डबा पाठीवर कोण नेणार? तिथे पॉवर बँकच बरी. उरली मोटार. मोटारीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून शंभरेक वॉटच मिळतात, म्हणजे पुण्याहून गोव्याला पोचेपर्यंतही हजाराचा डबा भरत नाही. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत तो ठेवून जेवायला जाऊ नका, काचबंद गाडीतलं तापमान लिथियमला सोसत नाही. हिवाळ्यात स्पितीला किंवा लडाखला जाणाऱ्यांची अडचण उलटी. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. आतलं सर्किट शहाणं असेल तर चार्जिंग नाकारतं. नसेल तर आत धातूचं लिथियम साचतं आणि बॅटरी कायमची दुखावते.

एवढी नावं ठेवून झाल्यावर डब्यातल्या रसायनाबद्दल मात्र मला कौतुकच आहे. चांगल्या पॉवर स्टेशनमध्ये आज लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी असतं. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्टचा कॅथोड शोधला आणि त्यावर पुढे मोबाइल-लॅपटॉपचं जग उभं राहिलं. ते नंतर टेक्सासला गेले. तिथे त्यांच्यासोबत तमिळनाडूत जन्मलेले अरुमुगम मंथिराम होते, ज्यांनी ऑक्साइड सोडून सल्फेटसारखी संयुगं वापरून पाहिली. आणि १९९७ मध्ये फॉस्फेटचा तो निबंध आला. त्यावर पहिलं नाव अक्षय पाढी, दुसरं नंजुंडस्वामी, मग गुडइनफ. लोखंड आणि फॉस्फरस, दोन्ही स्वस्त, मुबलक. कोबाल्टसाठी काँगोच्या खाणींकडे बघायला नको. खुबी अशी की फॉस्फेटात फॉस्फरसने ऑक्सिजनला फार घट्ट धरलेलं असतं. इतर कॅथोड अती तापले की ऑक्सिजन सोडतात आणि आगीला आतूनच हवा मिळते. एलएफपी तो सहजी सोडत नाही. आग अशक्य नाही, पण भडकायला बरंच जास्त तापमान लागतं. बदल्यात वजन थोडं जास्त. गुडइनफना २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर. त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान दिलं मंथिराम यांनी.

म्हणून घ्यायचाच असेल तर पहिला प्रश्न: आत एलएफपी आहे का? नुसतं 'लिथियम' लिहिलं असेल तर पुढचं दुकान. दुसरा: 'प्युअर साइन वेव्ह' आहे का? नसेल तर पंखा गुणगुणतो आणि नाजूक यंत्रं कुरकुरतात. सेलवर आयएस १६०४६ ची बीआयएस नोंदणी बघा. साठा एमएएचमध्ये सांगत असतील तर सावध. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला जेमतेम ७४ वॉट-अवर, पण शून्यं बघून गिऱ्हाईक भुलतं. न वापरता ठेवायचा तर अर्धा भरून ठेवा आणि तीनेक महिन्यांनी डोकावा.

आणि एक वायर आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली. एक टोक डब्यात, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये, की अख्ख्या घराचे दिवे लागतात, असं दाखवणारे व्हिडिओ फिरत असतात. मेन स्विच खाली करायचा राहिला तर तीच वीज मीटरमधून बाहेर पडून डीपीपर्यंत उलटी जाते, तिथे तिचा दाब हजारो व्होल्टचा होतो, आणि त्या क्षणी पावसात खांबावर चढलेला लाइनमन तुमचीच लाइट जोडत असतो. दुसरं टोक सॉकेटमध्ये खोचलं नाही तरी त्याच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात. घरात कोणी अशी वायर बनवून ठेवली असेल तर आजच मधोमध कापून टाका.