राखीव दलातून नौदलप्रमुख



वसई-विरारच्या माणसाला समुद्र नवा नाही. आगाशीला एके काळी गलबते बांधली जात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावचे कोळी बांधव आजही दर्यावर जातात. जुन्या वसईच्या वाड्यांत केळी-पानवेलींबरोबर ऊसही पिके. पण दर्या कितीही ठाऊक असला तरी इंग्रजी अमलात सरकारी जहाजावरचा साहेब गोराच. आपला माणूस खलाशी, नाहीतर आगवाला. रॉयल इंडियन मरीनमध्ये पहिला हिंदी अधिकारी लागला तो १९२८ साली, तोही इंजिन विभागात.

त्याच सुमारास, १९२७ मध्ये, मुंबई बंदरात एक बेणेमळा लागला म्हणा ना! ‘डफरिन’ हे सैनिकांची ने-आण करणारे जुने जहाज नांगरून त्यावर हिंदी मुलांसाठी शाळा निघाली. शिक्षण व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्याचे. पहिल्याच तुकडीत मद्रास इलाख्यातला रामदास कटारी हा मुलगा होता. जन्म १९११ चा. शिक्षण संपवून तो कलकत्ता बंदराच्या नोकरीत हुगळी नदीच्या मोजणीवर लागला. हुगळीतला गाळ सारखा जागा बदलतो. खोली मोजून जहाजांना वाट आखून द्यायची. काम दिसायला साधे, पण मोजमाप चुकले की जहाज रुतलेच!

१९३९ ला महायुद्ध पेटले आणि अधिकारी कमी पडू लागले. कटारी नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाले. राखीव म्हणजे गरजेला बोलवायचा, गरज सरली की घरी. पण त्यांनी पाणबुडीविरोधी युद्धाचे खास शिक्षण घेतले आणि पुढे त्यांना कायम सेवेत घेतले गेले. १९५६ मध्ये ते ताफ्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. स्वातंत्र्याला दहा वर्षे उलटली तरी नौदलप्रमुख इंग्रजच होता. २२ एप्रिल १९५८ रोजी ती जागा कटारींनी घेतली. त्यांच्याच काळात १९६१ साली ‘विक्रांत’ नौदलात आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये त्यांच्यामागून आपले भास्कर सदाशिव सोमण नौदलप्रमुख झाले.

यात आपण घेण्यासारखे काय? २७ साली लावलेल्या बेण्याचे पीक ५८ साली हाती आले. मधल्या काळात कुणी म्हणाले असेल, पोरांना जहाजावर शिकवून उपयोग काय? आपल्याकडेही बेणेमळ्याला चांगले रान द्यायचे म्हटले की मंडळी कुरकुरतात. नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी बेणे आज राखा. गरज येईल तेव्हा ते आयत्या वेळी मिळत नसते.

पोरांचेही तसेच. ‘डफरिन’ची परंपरा पुढे ‘राजेंद्र’ जहाजाने चालवली, आणि १९९३ पासून नवी मुंबईत ‘चाणक्य’ ही संस्था आहे. बारावीला गणित-विज्ञान घेतलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर तिकडची चौकशी जरूर करा. ऊस आपण पाहतोच आहोत!

— ऊस विकास अधिकारी