ब्रह्म एक, मग पाणवठे वेगळे का?

जग मुळात काय आहे आणि माणसाने कसे वागावे, या दोन प्रश्नांचा पाया एकच आहे काय? प्रश्न पंडिती वाटेल. पण मावळातील वराळे येथे तरुणांशी बोलताना तोच पुढे आला. एकाने विचारले, ‘वकीलसाहेब, सर्वांत एकच ब्रह्म आहे असे मानले, तर समता आपोआप येत नाही का?’

तळेगावला बाबासाहेबांचे निवासस्थान, देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी प्रतिष्ठापिलेली बुद्धमूर्ती. अशा परिसरात हा प्रश्न टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनीही तो टाळला नाही. शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’वर गदारोळ झाला तो राम-कृष्णावरून, ब्रह्मावरचे प्रकरण मागेच पडले. ‘सर्वांत तेच तत्त्व’ हा विचार लोकशाहीला भक्कम आधार देऊ शकला असता, हे बाबासाहेब तेथे मोकळेपणाने मान्य करतात. मग दिला का नाही? अद्वैत सांगणाऱ्या शंकराचार्यांनीच ब्रह्मसूत्रभाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला. तत्त्व एक राहिले, पाणवठे दोन!

दुसरी बाजू म्हणते, चालत आले तेच योग्य. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले आणि पुढे दिवाणी दावा लावला. आधार कसला? वहिवाटीचा. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. आपण जिंकलो, पण निकालाचे कारण नीट वाचावे. अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून जिंकलो. सिद्ध झाली असती, तर ती अन्याय्य आहे का हे कदाचित पाहावे लागले असते, एवढेच न्यायमूर्ती म्हणाले. वादींचा पुरावा थोडा पक्का असता, तर तहानलेल्याचा हक्क कमी झाला असता काय?

म्हणजे नीतीचा वास्तवाशी संबंधच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध आधी वस्तुस्थितीच दाखवतात: गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्या जाती जन्मखुणांनी वेगळ्या दिसतात, माणसांत तशी खूण नाही. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो, दुःखाला कारण असते. कारण गेले की दुःख जाते. अस्पृश्यता माणसांनी घडवली, म्हणून ती माणसांना मोडता येते. ती मोडलीच पाहिजे, हे मात्र नुसत्या तर्कातून निघत नाही. दुसऱ्याचे दुःख टोचावे लागते. म्हणून बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये प्रज्ञेच्या जोडीला करुणा आहे.

न्यायालयाने १९३७ साली बाजूला ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर संविधानाच्या कलम १३ मध्ये आहे. मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढीसुद्धा रद्दबातल. स्मशानभूमीची वाट अडवून कोणी ‘पूर्वापार’ म्हणू लागला, तर बांधवांनी त्याला किती वर्षांपासून, असे विचारू नये. कलम १३ आणि १७ दाखवावे, आणि सोबत १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४. त्यात स्मशानभूमीचा उल्लेख स्पष्ट आहे.