किल्ली ज्याची त्याच्याजवळ

१९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे गोविंदपुऱ्यात आली, त्यांची मुले आज देशोदेशी आहेत. शाळेची जुनी कागदपत्रे संगणकावर उतरवून त्यांच्याशी देवघेव करावयाची, तर त्यांत अनेकांच्या जन्मतारखा, पत्ते व गुण असतात. ते परक्या हाती पडू नयेत, ही जबाबदारी आपली.

पूर्वी अशी ने-आण 'एफटीपी'ने होई; तीत परवलीचा शब्द उघडाच तारेवरून जात असे. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन यांनी 'एसएसएच' ही पद्धती निर्माण केली. तिच्या आधारे चालणारी 'एसएफटीपी' सारा मजकूर सांकेतिक करून नेते.

तरीही शब्दाचे दौर्बल्य उरतेच. तो अंदाजाने ओळखता येतो, लबाडीने काढूनही घेता येतो. त्यावर उपाय किल्ल्यांच्या जोडीचा. शिवकालीन पत्रांवर मुद्रा उमटे. तिचा ठसा परिचित, मुद्रा मात्र धन्याच्या ताब्यात. येथे 'सार्वजनिक किल्ली' हा ठसा आणि 'खाजगी किल्ली' ही मुद्रा. भेद एवढाच की, कागदावरील ठशाची नक्कल होऊ शकते. येथे प्रत्येक जोडणीसाठी नवी गणिती सही होते, आणि जुनी पुन्हा चालत नाही.

आता कृती. आपल्याच संगणकावर 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा देऊन 'ईडी२५५१९' प्रकारची जोडी करावी व खाजगी किल्लीस परवलीचे वाक्य द्यावे. दूरच्या संगणकाशी प्रथम जोडणी करताना तो आपली खूण दाखवितो. ती व्यवस्थापकाकडून दूरध्वनीवर पडताळून घ्यावी. मग सार्वजनिक किल्ली तेथील आपल्या खात्याच्या 'ऑथराइज्ड कीज' या फाइलीत एका ओळीत नोंदवावी. त्या फाइलीत खातेदाराखेरीज इतरांस लिहिता येत असेल, तर तो संगणक सहसा तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. किल्लीने प्रवेश होतो अशी खात्री झाल्यावरच परवलीच्या शब्दाचा मार्ग बंद करावा. क्रम उलटला तर आपणच दाराबाहेर राहू.

खाजगी किल्ली कोणासही, कितीही निकड असली तरी, धाडू नये. काम पाहणारा बदलला की त्याची ओळ खोडावी. नव्याने आपली जोडी स्वतः करावी. यात अविश्वास नाही. पूर्वजांनी आपल्या नोंदी ज्या भरवशाने शाळेकडे सोपविल्या, तो राखण्याची ही आजची रीत आहे.