तिसऱ्यांचं पोट कशावर भरतं?

ओहोटीला उघडा पडलेला खाडीतला वाळू-चिखलाचा पट्टा ओसाडच वाटतो. त्यामुळे भरतीबरोबर वाहून येईल त्यावरच तिसऱ्या, म्हणजे वाळूतले खाण्याचे शिंपले, जगत असणार, असं आपण धरून चालतो. हे अर्धंच खरं आहे. दिवसाउजेडी ओहोटी असेल तर त्याच पट्ट्यावर सोनेरी-तपकिरी साय धरलेली दिसते. ती डायटम या एकपेशीय शैवालाची. ओल्या चिखलात उजेड जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरतो, म्हणून पाणी ओसरलं की डायटम वर सरकतात आणि भरतीच्या आधी खाली दडू लागतात. सगळ्यांनाच ते जमत नाही. भरतीच्या पहिल्या उथळ लाटा उरलेल्यांना ढवळून उचलतात आणि वाळूत जरा खाली रुतलेल्या तिसऱ्या नेमकं तेच पाणी आखूड नळीवाटे आत ओढतात. कल्ल्यांवर कण गाळले जातात, नको तो गाळ बुळबुळीत गोळीत गुंडाळून बाहेर टाकला जातो. (सुकं खाताना दाताखाली कचकचते ती या व्यवस्थेतून निसटलेली वाळू.)

यावर कुणी म्हणेल, काठावरच्या तिवरांची एवढी पानं कुजतात, खरं अन्न तेच. पण याचा पडताळा तिसऱ्यांच्या मांसातल्या कार्बन-१३ वरून, म्हणजे कार्बनच्या जड प्रकारावरून, घेता येतो, कारण खाल्लेल्या अन्नातलं त्याचं प्रमाण मांसात जवळपास तसंच उतरतं. ठरलेल्या मापाशी तुलना केली तर तिवराच्या पानात तो हजारी सुमारे २८ नं कमी भरतो, समुद्रातल्या तरंगत्या शैवालात २१ च्या आसपास आणि चिखलावरच्या डायटममध्ये साधारण १५ नं. अशा किनाऱ्यांवरच्या शिंपल्यांचे आकडे बहुधा शेवटच्या दोहोंच्या मध्ये पडतात. नदीच्या तोंडाशी पानांचा वाटा वाढू शकतो, हे मान्य. तरी चिवट, तुरट पान पचवण्यापेक्षा ताजं शैवाल केव्हाही सोपं.

मग सांडपाण्याच्या खतानं शैवाल वाढलं तर तिसऱ्याही वाढतील का? थोड्या प्रमाणात, कदाचित. पण माजलेलं शैवाल कुजताना तळातला प्राणवायू संपवतं आणि सांडपाण्यातले जंतू तिसऱ्यांच्या अंगात साठतात. शिवाय समोर अन्न असून उपयोग नाही, ते खायला सवड लागते. उंचवट्यावरच्या तिसऱ्या पाण्याखाली कमी वेळ असतात, म्हणून सावकाश वाढतात. पावसाळ्यात गोडं पाणी फार झालं की शिंपले मिटून उपाशी बसतात. बारीक गाळ कल्ले तुंबवतो. सक्शन पंपानं रेती उपसली की तिसऱ्या तर जातातच, पण मागे राहणाऱ्या खोल, गढूळ खड्ड्याच्या तळापर्यंत ऊन पोचत नाही आणि तिथं डायटमची साय पुन्हा धरत नाही.