इंडियन ओपनची मैदाने

इंडियन ओपन ही भारताची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. हौशी आणि व्यावसायिक, देशी आणि परदेशी अशा सर्वांना तिचे दार मोकळे आहे. स्पर्धा चार दिवस चालते. रोज अठरा होल, म्हणजे एकूण बहात्तर होल खेळायचे; पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू गळतात आणि उरलेल्यांत ज्याने सर्वांत कमी फटक्यांत चेंडू शेवटच्या खळग्यात घातला तो जिंकतो. प्रत्येक होलला किती फटके पुरावेत याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. एका फेरीचा पार बहुधा ७२, चार दिवसांचा २८८. विजेता पारच्या किती खाली राहिला, हे स्पर्धेच्या हिशेबात पहिल्यांदा विचारले जाते.

क्रिकेटची खेळपट्टी कुठेही गेली तरी बावीस यार्डांचीच असते. गोल्फचे तसे नाही. दोन मैदाने कधीच सारखी नसतात. लांबी, झाडी, पाणी, उंचवटे, हिरवळीचा उतार सगळे वेगळे. त्यामुळे इंडियन ओपन कोण जिंकले, याचे अर्धे उत्तर ती कुठे खेळली गेली यातच असते.

जागेचा अंदाज विदर्भातल्या वाचकाला बागेच्या हिशेबाने लवकर येईल. अठरा होलच्या मैदानाला साधारण दीडशे एकर जमीन लागते. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी-कारंजा पट्ट्यात संत्र्याची कलमे वीस बाय वीस फुटांवर लावली, तर तेवढ्या जमिनीत सोळा हजारांवर झाडे बसतात. शिवाय ही हिरवळ उन्हाळ्यातही हिरवीच ठेवावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये ठिबकवर बाग जगवणाऱ्या शेतकऱ्याला हा खेळ मूठभरांचाच का राहिला, हे वेगळे सांगायला नको.

गोल्फ भारतात स्पर्धेच्या कितीतरी आधी आला. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे १८२९ मध्ये गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा जगातला सर्वांत जुना क्लब. मुंबईत १८४२ मध्ये क्लब सुरू झाला. हौशी खेळाडूंची भारतीय अजिंक्यपद स्पर्धा १८९२ पासून खेळली जाऊ लागली आणि १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वर्षी कलकत्त्याच्या क्लबाला 'रॉयल' ही पदवी मिळाली. खेळणारे बहुतेक गोरे अधिकारी आणि व्यापारी होते. त्यांच्या पिशव्या उचलणारी, झुडपांतून चेंडू शोधून आणणारी पोरे मात्र आसपासच्या वस्त्यांतली. ही कॅडी पोरे मालक घरी गेल्यावर, मोडक्या काठ्यांनी खेळ शिकत. पुढे या स्पर्धेच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे झाले, म्हणून त्यांची नोंद इथेच करायला हवी.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये इंडियन गोल्फ युनियन स्थापन झाली. खुल्या स्पर्धेला चालना मिळाली ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनमुळे. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेल्या थॉमसनला आशियात व्यावसायिक गोल्फ रुजावा असे मनापासून वाटे. भारतात राष्ट्रीय खुली स्पर्धा व्हावी म्हणून त्याने आग्रह धरला आणि १९६४ ची पहिली स्पर्धा स्वतःच जिंकली. १९६६ आणि १९७६ मध्येही तोच विजेता. पुढे मैदानांचा रचनाकार म्हणूनही त्याने इथे काम केले. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची १९७०च्या दशकातली फेररचना त्याची, आणि बंगळुरूच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदानही त्याचेच. भारतीय गोल्फवर परदेशी माणसाचा एवढा ठसा दुसरा नाही.

मधल्या १९६५ च्या स्पर्धेत मात्र पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकले. इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय, आणि ती जिंकलेला एकमेव हौशी खेळाडूही. त्यानंतर २६ वर्षे ही स्पर्धा भारतीयाच्या हाती लागली नाही. जपान, तैवान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथले खेळाडू येत आणि करंडक घेऊन जात. १९८१ चा विजेता पेन स्ट्युअर्ट तेव्हा नवखा होता. त्याने पुढे अमेरिकन ओपन दोनदा जिंकली.

या काळात स्पर्धेची मुख्य घरे दोन, कलकत्ता आणि दिल्ली. रॉयल कलकत्ताचे मैदान टॉलीगंजमध्ये आहे. जमीन सपाट, पण ठिकठिकाणी तळी.  चेंडू हवा तिथे नेऊन टाकणे अवघड. फटका लांब गेला म्हणून फायदा होतोच असे नाही, कारण लांब गेलेला चेंडू पाण्यातही जातो.

दिल्लीचे मैदान अगदी उलट स्वभावाचे. १९३० च्या दशकात लोदी गोल्फ क्लब म्हणून सुरू झालेल्या या क्लबाला १९५० मध्ये आजचे नाव मिळाले. मैदानात जुन्या मकबऱ्यांचे घुमट उभे आहेत, मोर हिंडतात, आणि फेअरवेच्या, म्हणजे खळग्याकडे नेणाऱ्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना काटेरी कीकर दाट माजलेला आहे. हा कीकरच मैदानाचा खरा पहारेकरी. फेअरवे इतके अरुंद की जरा वाकडा गेलेला चेंडू झुडपात शिरतो, आणि तिथून फटका मारायला काठी मागे न्यायलाही जागा नसते. जास्तीत जास्त अंतर कापणारी ड्रायव्हर नावाची काठी इथे जाणते खेळाडू पिशवीतच ठेवतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये या मैदानावर दुसरी एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा जगातल्या सर्वांत लांब फटका मारणाऱ्यांपैकी एक असलेल्या रोरी मॅकिलरॉयनेही ड्रायव्हर वापरणार नाही असे आधीच जाहीर केले होते.

अशा ठिकाणी ताकदीपेक्षा ओळख उपयोगी पडते. १९९१ मध्ये अली शेर इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक, आणि मूळचा दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी. कोणत्या झुडपाआड काय आहे, कोणत्या ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या हिरवळीवर) चेंडू कुठे वळतो, हे त्याने दुसऱ्यांच्या पिशव्या वाहतानाच पाहून ठेवले होते. १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला. त्यानंतर दार उघडल्यासारखे झाले. १९९८ मध्ये फिरोज अली, १९९९ मध्ये अर्जुन अटवाल, २००० मध्ये ज्योती रंधावा असे सलग तीन वर्षे भारतीय विजेते झाले. २००२ मध्ये लखनौचा विजय कुमार. रंधावाने २००६ आणि २००७ मध्येही स्पर्धा जिंकून थॉमसनच्या तीन विजयांशी बरोबरी केली.

विजेत्यांच्या यादीत दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक कॅडींची. दुसरी छावणीची: लष्कराच्या अनेक ठाण्यांत गोल्फची मैदाने आहेत आणि अधिकाऱ्यांची मुले तिथे लहानपणीच काठी धरतात. रंधावा लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टरचा. क्लबात पैसे भरून शिकलेल्यांपेक्षा या दोन वाटांनी आलेले खेळाडू अधिक टिकले, असे यादी पाहून म्हणता येते.

या लाहिरीची आणि शिवशंकर प्रसाद चौरसियाची गाठ २०१५ मध्ये दिल्लीतच पडली. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखण्याचे काम करत. मुलगा कॅडी झाला आणि कोणाकडे रीतसर न शिकता खेळला. अंगाने लहान, फटका आखूड, पण ग्रीनजवळ आल्यावर हात असा की सहकाऱ्यांनी त्याच्या आडनावाचे 'चिपपुट्टसिया' (चिप आणि पट हे ग्रीनजवळचे आखूड फटके) करून टाकले. २०१५ ची स्पर्धा त्याच्या मुठीत असताना शेवटच्या दिवशी लाहिरीने त्याला गाठले आणि बरोबरी तोडणाऱ्या जादा खेळात, म्हणजे प्ले-ऑफमध्ये, हरवले. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर चौरसियाने दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकली; या वेळी लाहिरी मागे होता.

मैदानाची ओळख हेच सर्व काही नव्हे, हेही याच स्पर्धेने दाखवले. २००९ मध्ये ती गुडगावच्या डीएलएफ मैदानावर झाली आणि बंगळुरूचा सी. मुनियप्पा हा माजी कॅडी, ज्याच्यावर कोणी रुपया लावला नसता, प्ले-ऑफमध्ये जिंकला. २०१२ मध्ये स्पर्धा बंगळुरूला गेली, तर जिंकला थायलंडचा थावोर्न विराचंत.

२०१७ पासून स्पर्धेचा मुक्काम डीएलएफच्या नव्या मैदानावर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरने आखलेले हे मैदान जुन्या दोन्ही मैदानांसारखे नाही. खडकाळ खाणीसारखे कडे, वाळूचे खोल बंकर, आणि ग्रीन अशा उंचसखल की तीन फुटांचा पट मारतानाही माणूस दोनदा वाकून बघतो. इथे आखूड फटक्याचा चौरसिया चालणार नाही असे वाटणे साहजिक होते. त्याने पहिल्याच वर्षी सात फटक्यांच्या फरकाने करंडक राखला. मात्र त्यानंतर २०२५ पर्यंत एकही भारतीय जिंकलेला नाही. २०१८ मध्ये इंग्लंडचा मॅट वॉलेस, २०१९ मध्ये स्कॉटलंडचा स्टीफन गॅलाकर. गॅलाकरने शेवटच्या दिवशी एकाच होलवर पारपेक्षा चार फटके जास्त घेतले, तरी शेवटचे होल सावरून एका फटक्याने बाजी मारली.

कोविडमुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे स्पर्धा झाली नाही. २०२३ मध्ये जर्मनीचा मार्सेल सीम, २०२४ मध्ये जपानचा केइता नाकाजिमा विजयी झाला. नाकाजिमाने पारच्या १७ फटके खाली राहून स्पर्धा जिंकली. २०२५ मध्ये त्याच मैदानावर स्पेनचा युजेनियो चाकारा अवघ्या चार फटक्यांनी पारखाली राहिला, आणि तेवढेच त्याला नाकाजिमापेक्षा दोन फटके पुढे ठेवायला पुरले.