फोल्डरची आठवण कोण ठेवतो?

संगणकावरील एखादे फोल्डर उघडावे, आतील कागद तारखेप्रमाणे लावावेत, आणि आठ दिवसांनी पुन्हा उघडले असता सारे जसेच्या तसे सापडावे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे कोणाची तरी स्मरणशक्ती राबत असते हे ध्यानातही येत नाही. ते ध्यानात येते ती स्मरणशक्ती दगा देते तेव्हा.

ही आठवण ठेवण्याच्या मुख्य रीती दोन, आणि दोन्ही आम्हा कचेरीतल्या माणसांच्या जुन्या ओळखीच्या. एक, फायलीतच चिठ्ठी टाचून ठेवावयाची. दुसरी, सर्व फायलींची टिपणे एका नोंदवहीत करावयाची.

मॅक संगणकावरील फाइंडर पहिल्या पंथाचा. तो फोल्डरमध्येच 'डीएस स्टोअर' नावाची एक छोटी फाइल ठेवतो. तिच्या नावाच्या आरंभी टिंब असते, म्हणून ती एरवी दिसत नाही. चिन्हे कोठे मांडली, यादी हवी की चित्रे, हे सारे तिच्यात असते. फोल्डर हलले की आठवणही बरोबर जाते. मात्र तेच फोल्डर विंडोजच्या यंत्रावर उघडले की ही गुप्त चिठ्ठी उघडी पडते, आणि हा आगंतुक कोण म्हणून लोक गोंधळतात.

विंडोजचा पंथ नोंदवहीचा. त्या वहीचे नावच मुळी रजिस्ट्री! तीत प्रत्येक वापरणाऱ्याचे खाते निराळे. म्हणून एकाच यंत्रावर एकच फोल्डर दोघांना दोन तऱ्हांनी दिसू शकते. वही म्हटली की पानांची मर्यादा आली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत आरंभी ४०० फोल्डरांपुरतीच जागा होती. पुढे ती ५००० झाली. वही भरली की जुन्या नोंदी गळत, आणि बिचारा मनुष्य यंत्रच बिघडले असे समजे.

या वहीचा आणखी एक गुण, किंवा अवगुण म्हणा: फोल्डर नष्ट केले तरी त्याची नोंद मागे राहू शकते. पेन ड्राइव्हवरील फोल्डर उघडून पाहिले आणि ड्राइव्ह काढून नेला, तरीही. गुन्ह्यांचा तपास करणारे तज्ज्ञ या नोंदींना 'शेलबॅग' म्हणतात आणि एखादे फोल्डर उघडले गेले होते हे त्यांच्या आधारे दाखवितात. सोयीसाठी ठेवलेली आठवण अशी साक्षीला उभी राहते.

मला हा विषय कळला तो एका कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या प्रकरणात. एका सहकारी बाईंनी कागद तारखेप्रमाणे लावून पेन ड्राइव्हवर दिले व सांगितले, "शेवटचा कागद अंतिम समजावा." त्यांची मांडणी त्यांच्या यंत्राच्या नोंदवहीत राहिली, माझ्या यंत्राने कागद नावांच्या अक्षरक्रमाने लावले. तळाशी आला 'नकार', आणि त्यानंतर निघालेला 'दुरुस्त आदेश' त्याच्या वर जाऊन बसला. त्या विधवा बाईंचा अर्ज फेटाळणारे टिपण मी लिहूनही ठेवले होते. सही करण्यापूर्वी कागदांवरील तारखा वाचल्या, म्हणून निभावले.

तेव्हापासून आमच्या शाखेत फाइलच्या नावाच्या आरंभीच आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आकडे घालतो. महिना व दिवस नेहमी दोन अंकी. मग यंत्र तारीख पाहो की नाव, क्रम तोच राहतो.